शिडाने कंकणद्वीपांकडे : प्रस्तावना

पॅसिफिक महासागराचा नकाशा पुढ्यात उघडला असता, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस हजारो मैल पसरलेल्या पाण्यात जे बारीक ठिपके विखुरलेले दिसतात, आणि ज्यांची नावे छापण्यास त्या ठिपक्यांहून कितीतरी अधिक जागा लागलेली असते, त्यांपैकी पुष्कळसे ठिपके ही सामान्य अर्थाने बेटे नव्हेत. ती प्रवाळाने बांधलेली, समुद्रसपाटीपासून दोन-चार मीटरांहून क्वचितच उंच असलेली कडी आहेत आणि त्यांच्या बाहेर अथांग समुद्र, तर आत उथळ, शांत सरोवर असते. शाळेच्या भूगोलात कंकणद्वीप या नावाखाली आपण सर्वांनी त्यांची व्याख्या पाठ केलेली असते. तेथपर्यंत वाऱ्याच्या बळावर चालणाऱ्या लहान नौकेतून कसे जातात, गेल्यावर आत कसे शिरतात, आणि आत शिरल्यावर तेथील माणसांशी पाहुण्याने कसे वागावयाचे असते, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. आणि तो मराठी वाचकापुढे ठेवताना, पनवेल तालुक्यातील एका गावात बसून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या या कड्यांचा ध्यास घेण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

शिरढोणहून दक्षिणेकडे पाहिले की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तो ज्या काळ्या पाषाणाचा आहे तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या लाव्ह्याचा, हे आता सर्वश्रुत आहे; परंतु त्या अग्नीची पुढली हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. भूशास्त्रज्ञांच्या मते ज्या तप्त स्थानातून दख्खनचे पठार ओतले गेले ते स्थान जागच्या जागी धगधगत राहिले, त्याच्या डोक्यावरून भारतभूमी उत्तरेस सरकत गेली, आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांगच्या रांग उभी राहिली, जिचे आजचे जिवंत टोक दूर रियुनियन बेटावर आहे. या रांगेतील पर्वत कालांतराने निवाले, खचले, पाण्याखाली गेले. परंतु त्यांच्या काठांवर वाढणाऱ्या प्रवाळाने, पर्वत जितका खाली जाई तितके स्वतःला वर बांधीत, सूर्यप्रकाश सोडला नाही. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही कंकणद्वीपे अशा रीतीने त्याच अग्नीच्या माथ्यावर उभी आहेत, ज्याने आमचा कर्नाळा घडवला.

पर्वत बुडतो आणि कडे उरते, हा सिद्धांत चार्ल्स डार्विनने 1842 मध्ये ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा तो तर्क होता. 1835 च्या नोव्हेंबरात 'बीगल' जहाजातून जाताना त्याने पॅसिफिकमधील तुआमोतूची कडी दुरूनच पाहिली होती. त्या तर्काची रुजुवात व्हावयास शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. 1952 मध्ये मार्शल बेटांतील एनेवेटाक येथे प्रवाळातून खाली वेध घेतला गेला, तेव्हा हजार मीटरांहून अधिक जाडीचा चुनखडक ओलांडल्यानंतर कोठे ज्वालामुखीचा पाषाण हाती लागला. इतका उंच मनोरा एका सूक्ष्म जीवाने पिढ्यानुपिढ्या बांधला, आणि त्याच्या अगदी माथ्यावरच्या थरात काय ते जिवंत आहे, ही गोष्ट ज्याच्या मनात नीट ठसली असेल तो मनुष्य त्या माथ्यावर नांगर टाकताना आपोआपच जपून टाकील, अशी माझी श्रद्धा आहे.

दुसरे प्रयोजन समुद्राच्याच संबंधाचे आहे. या गावात 4 नोव्हेंबर 1845 रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके समुद्रापार गेले ते बेड्यांत, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या बंदिवासातच निवर्तले. ज्या पिढ्या त्या स्मृतीच्या छायेत वाढल्या, त्यांना समुद्रापलीकडचा प्रदेश म्हणजे हद्दपारीचा मुलूख वाटला असल्यास नवल नाही. आणि तरीही हाच किनारा दर्यावर्दी लोकांचा आहे. पनवेलच्या खाडीतून भात आणि मीठ घेऊन मुंबईस जाणारे पडाव, आंग्र्यांची गुराबे आणि गलबते, रत्नागिरीकडचे खलाशी, ज्यांच्या श्रमावर परक्यांच्या आगबोटी जगभर चालल्या, हा सारा आमचाच इतिहास होय. आमच्या नाखव्यांना समुद्र येत होता. तो येत होता पण लिहिला जात नव्हता, ही खंत मला आहे, आणि हे पुस्तक तिच्यापोटी जन्मले आहे.

ही विद्या आजही मृत नाही, याचा दाखला गेल्या काही वर्षांतच मिळाला. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी सेवानिवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी येथे राहून एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास धरला. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी नौका बांधली गेली. आणि 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघालेले कमांडर दिलीप दोंदे पुढल्या वर्षाच्या मे महिन्यात तीच नौका घेऊन मुंबईस परतले. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी 'म्हादेई'तूनच कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली, आणि 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी दिवाडीसच बांधलेल्या 'तारिणी'तून टप्प्याटप्प्याने ती केली. त्याच्याही पूर्वी, एकट्याने आणि विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 1969 मध्ये ज्या 'सुहेली' नौकेतून घरी पोहोचला ती मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली होती.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'म्हादेई'चा आराखडा ज्या हॉलंडच्या संस्थेने केला तिने त्या आराखड्यास टोंगा या पॅसिफिकमधील द्वीपराज्याचे नाव दिलेले होते. आणि प्रत्यक्षात ही नौका न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून निघाली ती दक्षिणेच्या वादळी अक्षांशांतून केप हॉर्नला वळसा घालून थेट फॉकलंड बेटांतील स्टॅन्लीस गेली. वाटेत तिने पॅसिफिकच्या एकाही बेटास स्पर्श केला नाही, कारण प्रदक्षिणेचा शिरस्ताच तसा आहे: तीन महाभूशिरे आणि त्यांच्यामधले अखंड पाणी. पराक्रमाची वाट दक्षिणेकडून गेली आणि कंकणद्वीपे उत्तरेस राहिली. पहिल्या वाटेवर सहनशक्ती पणास लागते. दुसऱ्या वाटेवर, व्यापारी वाऱ्यांच्या सौम्य पट्ट्यात, नजर आणि विवेक. या दुसऱ्या वाटेचे वर्णन मराठीत यावे, एवढाच माझा आग्रह.

आता त्या नजरेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळा विषय तेथे एकवटला आहे. आमच्या किनाऱ्यावरचे पाणी गढूळ; त्यात हातभर खाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून कोकणातला तांडेल पाण्याकडे न पाहता डोंगराकडे पाहतो, या टेकडीवर ते देऊळ आले की वळायचे, अशा खुणांनी चालतो, आणि शंका आली तर बांबू टाकून तळ पाहतो. इंग्रजांच्या कागदपत्रांत 'फनेल हिल' असे नाव मिळालेला कर्नाळा ही अशीच एक खूण. कंकणद्वीपाला डोंगरच नाही. सर्वांत उंच तेथे माड. आणि माडाचे शेंडे नौकेच्या डेकवरून सात-आठ मैलांच्या आत आल्याशिवाय दिसत नाहीत. रात्री तर फुटणाऱ्या लाटेचा आवाज हीच पहिली वर्दी, आणि ती येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. याउलट तेथील पाणी इतके निर्मळ की तळाची सारी बखर रंगात उमटते: गर्द निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे वाळू, पिवळसर तपकिरी म्हणजे प्रवाळ, पृष्ठभागाच्या अगदी निकट. मात्र ही बखर वाचावयास सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असावा लागतो. तो समोर असला, किंवा ढग आला, की तेच पाणी एकरंगी पत्रा होऊन जाते. म्हणून कंकणद्वीपात शिरण्याची वेळ सकाळी दहापासून दुपारी दोन-तीनपर्यंतची, आणि एक मनुष्य डोलकाठीवर चढलेला. सायंकाळी पोहोचलेल्या नौकेने, जमीन डोळ्यांसमोर असूनही, रात्र बाहेर खुल्या समुद्रात काढावी, हा नियम जे पाळतात ते वृद्ध होतात.

आत जाण्यास प्रवाळाच्या कड्यात खिंड असावी लागते, आणि प्रत्येक कड्याला ती असतेच असे नाही. तुआमोतूच्या रांगिरोआला तिपुता आणि आवातोरू या दोन खिंडी आहेत. त्यांच्या आत एवढे मोठे सरोवर आहे की मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे त्यात दोनदा मावावेत. आता या एवढ्या पाण्याला बाहेर पडावयास मोठ्या वाटा फक्त या दोन. आमच्या खाडीच्या माणसास वाटेल की पंचांग पाहावे, भरती कधी आणि ओहोटी कधी ते काढावे, आणि पाणी थांबते त्या वेळी आत शिरावे. पण आमच्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते. तेथे भरती-ओहोटीतला फरक हातभराचा. तेथील खिंडीवर चंद्राइतकाच अंमल शेकडो मैलांवरच्या वादळाचा असतो: दक्षिणेकडून आलेली मोठी लाट कड्याच्या वाऱ्याकडील अंगावरून सतत आत कोसळत राहते, सरोवर भरत जाते, आणि ते सारे पाणी खिंडीतून रात्रंदिवस बाहेर लोटते, सहा-सहा, आठ-आठ नॉटच्या वेगाने, जो लहान नौकेच्या इंजिनाला झेपण्यापलीकडचा असतो. त्या ओघासमोरून वारा आला की खिंडीच्या तोंडाशी उंच, जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या लाटा माजतात. तेव्हा जाणता नाविक कोष्टक पाहतो, पण कोष्टकावर विसंबत नाही. तो खिंडीबाहेर शीड उतरवून थांबतो, दुर्बिणीने पाण्याचा पोत न्याहाळतो, तास-दोन तास तसाच राहतो, आणि पांढरे पाणी निवळताना दिसले की मगच सुकाणू फिरवतो. हे थांबणे ज्याला जमत नाही त्याने या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण प्रवाळ क्षमा करीत नाही. 11 मे 1884 रोजी रात्री, कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन निघालेले 'सीरिया' हे शिडाचे जहाज फिजीच्या नासिलाई खडपावर आपटले आणि 59 माणसे प्राणास मुकली. त्यांची नावे आपल्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाहीत, म्हणून ती तारीख मी येथे मुद्दाम लिहितो. 1947 च्या ऑगस्टात थॉर हायरडालचा 'कॉन-टिकी' तराफा 101 दिवसांच्या प्रवासाअंती तुआमोतूतील रारोइआच्या कड्यावर आदळला. आणि उपग्रह हाताशी असलेल्या काळातही, 2014 च्या नोव्हेंबरात, एका जागतिक शर्यतीतली 'टीम व्हेस्टास विंड' ही नौका आपल्याच हिंदी महासागरातील कार्गादोस काराजोस या खडपांवर रात्री पूर्ण वेगाने चढली. पडद्यावरील नकाशा ज्या प्रमाणावर पाहिला जात होता त्या प्रमाणावर ते खडप उमटतच नव्हते. यंत्राने मनुष्याची जबाबदारी हलकी केली आहे, हा समज या एका प्रसंगाने पुसून टाकण्यास पुरेसा आहे.

आत शिरल्यावर नांगराचा प्रश्न येतो. सरोवराच्या वाळूत मधून मधून प्रवाळाचे गड्डे उभे असतात, आणि वारा फिरला की नौकेबरोबर फिरणारी साखळी त्यांना वेढे घालते. साखळी तुटते किंवा प्रवाळ तुटते, आणि शतकाचे बांधकाम एका रात्रीत चुरा होते. यावर दर्यावर्दींनी काढलेली युक्ती साधी आहे: नांगर वाळूत टाकावयाचा, आणि साखळी सोडता सोडता तिला ठरावीक अंतरावर तरंगते गोळे बांधीत जावयाचे, म्हणजे ती तळावर न लोळता प्रवाळाच्या माथ्यावरून पाण्यात अधांतरी राहते. मोती-शेतीच्या निरुपयोगी झालेल्या गोळ्यांचाही यासाठी उपयोग करतात.

परवानगीचा प्रश्न मी गौण मानीत नाही. आंग्र्यांचे दस्तक घेतल्यावाचून या किनाऱ्यावरून परक्या व्यापाऱ्याने जाऊ नये, हा दंडक ज्या लोकांनी एके काळी बजावला त्यांना तरी हे सांगावयास नको की पाण्यालाही धनी असतो. कुक बेटांतील सुवारो येथे, जेथे टॉम नील हा न्यूझीलंडचा मनुष्य 1952 पासून 1977 पर्यंत, मधले खंड वगळता, एकटाच राहिला, आज राष्ट्रीय उद्यान आहे. हंगामापुरते तैनात केलेले रक्षक नौकेवर येऊन कागद पाहतात, आणि पक्ष्यांच्या बेटांवर पाऊल टाकण्याची मुभा त्यांच्या हाती असते. त्याच कुक बेटांतील पामर्स्टनची रीत निराळी. 1863 मध्ये विल्यम मार्स्टर्स तेथे आपल्या पॉलिनेशियन पत्नींसह स्थायिक झाला. त्याच्या तीन पत्नींच्या तीन शाखांत बेट वाटले गेले, आणि आजची वस्ती बहुतांशी त्यांचीच प्रजा आहे. नौका आत जाईल अशी खिंड तेथे नाही, म्हणून ती कड्याबाहेर थांबते. बेटावरून होड्या निघतात, आणि ज्या घरची होडी प्रथम नौकेस लागते ते घर त्या नौकेचे यजमान. मग मुक्काम संपेपर्यंत ने-आण त्यांची, जेवण त्यांचे. पुरवठ्याचे जहाज वर्षातून मोजक्याच वेळा येणाऱ्या बेटावरचे हे आतिथ्य आहे, हे पाहुण्याने विसरू नये; पीठ, साखर, दोर, औषधे, शाळेसाठी वह्या, जे नौकेत असेल ते यजमानापुढे ठेवणे हा येथे दानधर्म नसून निव्वळ रीत आहे. मासा खाण्यापूर्वीही त्यांनाच विचारावे, कारण काही कड्यांवरच्या माशांत एक विष साठते, जे शिजवून जात नाही, आणि कोणत्या अंगाचा मासा खावयाचा ते ठाऊक असते फक्त तेथील लोकांना.

आणि पाणी मागताना तर दहादा विचार करावा. नदी नाही, झरा नाही. पाऊस वाळूत मुरतो आणि खाली खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसा गोड्या पाण्याचा एक थर तरंगत राहतो. किरिबासचे लोक या थरापर्यंत खड्डे खणतात, त्यांत पालापाचोळ्याचे खत घालतात, आणि अळूच्या जातीचे एक प्रचंड पीक घेतात, ज्याला ते बाबाई म्हणतात. एकेक खड्डा पिढ्यानुपिढ्या वारशाने चालत आलेला असतो. समुद्राचे पाणी एकदा त्या खड्ड्यात चढले की ते पीक जाते आणि जमीन सुधारावयास वर्षे लागतात. समुद्र चढतो आहे ही वार्ता आपण वर्तमानपत्रात वाचतो. ती तेथे खड्ड्यात उतरून चाखता येते. तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात 2023 मध्ये झालेल्या करारान्वये दरवर्षी 280 तुवालुवासीयांना ऑस्ट्रेलियात राहावयास जाण्याची सोय झाली आहे. एखाद्या राष्ट्राला आपली माणसे अशा रीतीने मोजून देण्याची वेळ यावी, याचे मला अतोनात दुःख होते.

या द्वीपांना सुखाचे आगर म्हणण्याची जी प्रथा पडली आहे तिचा मी अवलंब केलेला नाही, त्याचे कारण केवळ हेच नव्हे. 1946 मध्ये बिकिनीच्या लोकांस त्यांच्या कड्यावरून हलवण्यात आले, आणि 1958 पर्यंत तेथे 23 अण्वस्त्रांचे स्फोट झाले. मोरुरोआ आणि फांगाताउफा येथे 1966 ते 1996 या काळात फ्रेंच सरकारने 193 केले. दूर आहे, निर्जनवत आहे, कोणी विचारणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. एकांतासाठी तेथे जाणाऱ्या प्रवाशाने तोच एकांत आणखी कोणाच्या पसंतीस उतरला होता हे जाणून असावे.

या साऱ्या वाटा प्रथम ज्यांनी काढल्या त्यांच्यापाशी होकायंत्र नव्हते. मार्शल बेटांचे लोक माडाच्या पात्यांचे हीर आणि कवड्या बांधून लाटांचे नकाशे करीत, बेटामुळे लाट कशी वाकते ते त्यांवर दाखवीत. सातावाल बेटाचे नाविक माउ पिआइलुग यांनी 1976 मध्ये 'होकुलेआ' ही जोडनौका कोणत्याही यंत्रावाचून हवाईहून ताहितीस नेली. आणि महिनाभराच्या त्या प्रवासात जी पहिली जमीन लागली ती तुआमोतूच्या माताइवा या कंकणद्वीपाची. सुरय पक्षी सायंकाळी कोठे परततात, ढगाच्या पोटास सरोवराची हिरवी झाक कोठे पडली आहे, यांवरून डोळ्यांना न दिसणारे कडे त्यांना कळत असे. आमच्या कोळ्यांची जी विद्या खुणांची आणि वाऱ्यांची, तिच्याशी या विद्येचे नाते मला निकटचे वाटते.

प्रवाळ पाहावयास सर्वांना इतके दूर जावे लागेल असे नाही. लक्षद्वीपची कडी आपलीच आहेत. आणि विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, खुल्या समुद्रात, आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक नावाची प्रवाळभूमी पाण्याखाली पसरली आहे, जिचा एकही कण वर आलेला नाही.

पुस्तकाच्या रचनेसंबंधी एवढेच सांगतो. ठिकाणांची नावे शक्य तेथे तेथील लोकांच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रवासवर्णनाचा प्रघात बंदरातून प्रस्थानाने आरंभ करण्याचा. मी तो मोडला आहे. सरंजामाची यादी, परवान्यांचा तपशील, मे ते ऑक्टोबर या निर्वादळ हंगामाची चर्चा, हे सारे पाचव्या प्रकरणापासून पुढे आहे, कारण या विषयाचे मर्म ज्याला आधी कळले त्यालाच त्या याद्यांचा अर्थ लागेल. पहिले प्रकरण तिपुता खिंडीच्या बाहेर सुरू होते. त्या वेळी सकाळचे साडेदहा वाजलेले आहेत, शीड उतरवलेले आहे, आणि खिंडीतील ओघ अजून ओसरलेला नाही.

शिरढोण, ता. पनवेल